वाचकांचे प्रश्न : घरातली रोपं, पाणी आणि कुंडीबदल

मृगाच्या आसपास कुंडीत लावता यावीत म्हणून एप्रिलमध्ये घरातच मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं टाकणारे सोलापुरात बरेच आहेत. या वेळची सगळी पत्रं त्याच रोपांविषयी आहेत, आणि बहुतेकांचं दुखणं पाण्यापाशी येऊन थांबतं.

प्रश्न : खिडकीत कागदी कपांमध्ये मिरची आणि टोमॅटोचं बी टाकलं. उगवण छान झाली, पण आठवड्याभरात रोपं एकेक करून आडवी पडायला लागली. उन्हाळा म्हणून दिवसातून दोनदा पाणी देते. कमी पडतंय का? (जुळे सोलापूर)

कमी नाही, जास्त होतंय. पडलेलं एक रोप हलकेच उचला आणि खोडाचा मातीला टेकलेला भाग बघा. तिथे खोड दोऱ्याइतकं बारीक आणि पाणचट तपकिरी झालेलं दिसेल, वरची दोन पानं मात्र अजून हिरवीगार. तहानलेलं रोप असं पडत नाही. त्याची पानं आधी मलूल होतात, बुडखा शाबूत राहतो.

ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरश्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत कोवळं खोड बुडाशी कुजवतात. पडलेली रोपं वाचत नाहीत. ती भोवतालच्या मातीसकट काढून टाका. उरलेल्यांचं पाणी थांबवा, वरची माती अर्धा इंच खोल कोरडी होऊ द्या. एका कपात तीन-चार रोपं असतील तर सर्वांत सशक्त एक ठेवून बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पावडर कालवून प्रत्येक कपात दोन-तीन चमचे घाला. याने मेलेलं रोप उठत नाही, पण शेजारची वाचण्याची शक्यता वाढते.

पुढच्या वेळी कपाच्या तळाला पेन्सिल जाईल एवढी तीन-चार भोकं पाडा. बी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. ओल टिकावी म्हणून वर प्लास्टिक झाकलं असेल तर पहिला कोंब दिसताच काढा. जुन्या कुंडीतली माती बी टाकायला वापरू नका. खिडकीत उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे रोपं लांबुडकी आणि काडीसारखी होतात. अशी रोपं आधी पडतात. कप रोज फिरवा, नाहीतर २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यापासून १५-२० सेंटिमीटरवर रोज १४ तास लावा.

प्रश्न : आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी रोपांना भरपूर घालून ठेवलं तर चालेल ना? (होटगी रस्ता)

माणसांनी पाणी साठवावं, कपातल्या रोपांनी नाही. एवढ्याशा मातीत चार दिवसांचं पाणी मावत नाही. जास्तीचं तळाला साचतं आणि मुळांची हवा कोंडते. पहिला दिवस चिखल, चौथा दिवस कोरडा ठाक, अशा हेलकाव्यात रोप वाढत नाही. पाणी बादलीत साठवा आणि कप मागेल तेव्हा द्या.

तो कधी मागतो हे वरून कळत नाही. इथल्या कोरड्या हवेत वरचा थर दोन-तीन तासांत पांढरट पडतो आणि खाली बोटभर माती ओली असते. म्हणून कप उचलून बघा. पाणी दिल्यावर लगेच एकदा हातात घ्या, वजन लक्षात ठेवा. निम्म्याने हलका लागला की पाणी द्या. २०० मिलिच्या कपाला साधारण ४०-५० मिलि पुरतं, चार इंची कुंडीला १०० ते १५०. तळातून थेंब पडू लागले की थांबायचं आणि ताटलीतलं पाणी ओतून द्यायचं. वेळ सकाळची. रात्री ओली पानं आणि ओली माती म्हणजे वरच्या प्रश्नातल्या बुरशीला आमंत्रण.

प्रश्न : शेतातली काळी माती आणून भरली. पाणी घातलं की लगेच तळातून बाहेर येतं, तरी रोप सुकलेलंच. (अक्कलकोट रस्ता)

काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. कडेला नखाएवढी फट दिसेल. तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळलं की तेही पाणी असंच झटकतं. आत्ता कुंडी बादलीत निम्म्यापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून नीट निथळू द्या.

शेतात हीच माती सोनं आहे, कुंडीत नुसती वापरू नये. कुंडीबदलाच्या वेळी चार घमेली तांबडी माती, तीन घमेली गांडूळखत, तीन घमेली भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड असं मिश्रण करा. ताजं शेणखत नको. ते कुजताना तापतं, आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) हीही त्यातूनच येते.

प्रश्न : सारखी कुंडी बदलण्यापेक्षा कपातून थेट मोठ्या कुंडीत रोप लावलं तर काय बिघडतं? (अशोक चौक)

वांगं, टोमॅटो बाहेर मोकळ्या उन्हात असतील तर फारसं बिघडत नाही. घरात बिघडतं. बारा इंची कुंडीत एवढंसं रोप लावलं तर मुळं मूठभर मातीतलं पाणी पितात, बाकीची कुंडी आठ-आठ दिवस ओली राहून आंबते. म्हणून कप, मग चार इंची कुंडी, मग बारा इंची. टोमॅटो साधारण २५ दिवसांत, वांगं ३०-३५, मिरची ४० दिवसांत कपातून निघते. पण दिवसांपेक्षा मुळं बघा : कपाच्या भोकातून पांढरी टोकं डोकावली आणि चार-पाच खरी पानं (उगवताना आलेली पहिली दोन सोडून) आली की वेळ झाली. मुळं तळाशी वेटोळी घालू लागली असतील तर उशीर झालाय. ती बोटांनी अलगद मोकळी करा.

दोन-तीन तास आधी पाणी द्या, म्हणजे गोळा फुटत नाही. काम संध्याकाळी करा. कप उलटा धरून बुडावर टिचकी मारा, रोप पानाला धरून बाहेर घ्या. खोडाला चिमटा बसला तर रोप गेलं. पान तुटलं तर दुसरं येतं. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल लावा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरची आणि वांगं होती त्याच पातळीला. माती अंगठ्याने ठासू नका, पाण्यानेच बसू द्या. बारा इंची कुंडीला पहिलं पाणी दीड-दोन लिटर, तेही थांबून थांबून.

मग तीन-चार दिवस सावली. दुपारी पानं लोंबतील; सकाळी ताठ दिसली तर काळजी नाही, पाणी वाढवू नका. याच ठिकाणी बहुतेक जण घाबरून रोप बुडवतात. खत ८-१० दिवसांनंतर, पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) लिटरला एक ग्रॅम.

प्रश्न : कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर जमतो, पानांच्या कडा करपतात. बोअरचं पाणी वापरतो. कूलरमधलं उरलेलं पाणीही घालतो. (विजापूर रस्ता)

क्षार साचलेत. बोअरच्या पाण्यात ते असतातच; कूलरमध्ये नुसतं पाणी उडतं आणि क्षार मागे राहून दाट होतात, त्यामुळे ते पाणी रोपांना कधीच नको. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणीही तसंच. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं, बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळा. पांढरा थर खरवडून टाका आणि एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं नळाचं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. चार इंची कुंडीला लिटरभर पुरेल. नंतर माती नीट सुकेपर्यंत पाणी नाही.

प्रश्न : घरातली रोपं गच्चीवर कधी न्यावीत? (सात रस्ता)

एकदम नको. पहिल्या दिवशी सकाळी एक तास, मग रोज तासभर वाढवत आठ-दहा दिवसांत. मे महिन्यात दहानंतरचं ऊन ५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखालीच द्या. कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका, विटांवर ठेवा. तापलेली फरशी खालून मुळं भाजते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरची मोठ्या कुंडीत जायला हवी असेल, तर बी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच टाकलेलं बरं.