वस्तीवर बंदूक घ्यायची आहे, कुठली घेऊ?

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. आमची वस्ती शिरूर तालुक्यात, गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत, शेजारच्या घराला हाक ऐकू जात नाही. घरात मी, बायको, म्हातारी आई आणि दोन पोरं. मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवर रात्री दार तोडून चोरटे घुसले, म्हाताऱ्याला मारलं, दागिने नेले. शिवाय उसात बिबट्या आहेच. मी बंदूक घ्यायचं ठरवलंय. भाऊ म्हणतो पिस्तूल घे, मित्र म्हणतो बारा बोअर घे, आणखी एक जण म्हणतो कशाला कागदपत्रं करतोस, गावठी कट्टा मिळवून देतो. काय घेऊ? आणि घरात घुसलेल्याला गोळी लागली तर माझं काय होईल? (नाव छापू नका.)

उत्तर: दादा, आधी तो कट्टा डोक्यातून काढा. विनापरवाना हत्यार नुसतं पेटीत सापडलं, एकदाही वापरलेलं नसलं, तरी शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आत जायची पाळी येते. आणि ते बार उडवताना हातातच फुटलं तर इजा तुम्हालाच होणार. जो माणूस मिळवून देतो म्हणतोय त्याच्याशी ह्या विषयावर फोनवरसुद्धा बोलू नका.

आता पिस्तूल की बारा बोअर, म्हणजे छऱ्याची लांब बंदूक. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संरक्षणासाठी लांब नळीची, म्हणजे किमान २० इंच नळी असलेली छऱ्याची बंदूक मागणाऱ्याला परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र तुम्हालाच का हवं ह्याचं सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून शेतकऱ्याने अर्ज करायचाच तर तो बारा बोअरसाठी करावा. वय २१ पूर्ण हवं, हत्यार हाताळण्याचं ट्रेनिंग हवं, डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं, बंदूक सुरक्षित ठेवायची हमी लिहून द्यावी लागते, मग पोलीस स्टेशनची चौकशी आणि शेवटी जिल्हाधिकारी (शहरात असता तर पोलीस आयुक्त). परवाना ५ वर्षांचा, काडतुसं किती ठेवायची तेही त्यावर लिहिलेलं असतं, आणि तो तुमच्या एकट्याच्या नावावर असतो, भाऊ घरी आला म्हणून त्याच्या हातात बंदूक द्यायची नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात, तेवढे दिवस घर बंदुकीशिवायच असतं हेही धरून चला.

पण घराचा विचार करा. बारा बोअर खोलीत वळवता वळवता चौकटीला अडकते, आणि तुमच्या मधल्या भिंती पत्र्याच्या असतील तर मोठे छरे पत्रा फाडून पलीकडे जातात, पलीकडे पोरं झोपलेली असतात. पिस्तुलाचंही तेच, उलट घाबरलेल्या हाताने पिस्तुलाचा नेम जास्त चुकतो.

गोळी लागली तर काय होईल म्हणता. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे आणि तो खराखुरा हक्क आहे, घाबरून घरात मार खात बसा असं कायदा म्हणत नाही. सूर्यास्तानंतर घरफोडी करून कुणी आत शिरलं, किंवा जीव जाईल नाहीतर गंभीर इजा होईल अशी खरीखुरी भीती वाटली, तर समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क पोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. विहिरीवरची केबल कापणाऱ्यावर, मोटार उचलणाऱ्यावर गोळी झाडता येत नाही, ती साधी चोरी आहे. आणि घरात शिरलेला उंबऱ्याबाहेर पळाला की घरफोडीपुरता तो हक्क संपला, मग त्याच्या पाठीत छरे घातलेत तर खून किंवा सदोष मनुष्यवधाचा खटला तुमच्यावर. तुम्ही बरोबर असलात तरी गुन्हा बहुतेक नोंदतातच, बंदूक जप्त होते, तपासणीला जाते, आणि स्वसंरक्षण होतं हे कोर्टात तुम्हाला दाखवावं लागतं. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की संकटातल्या माणसाने सोन्याच्या तराजूत मोजून वार करावा अशी अपेक्षा नाही. त्याचा आधार मिळतो, पण तोवर वर्षं जातात आणि घर पार हलून जातं, हे मी अशिलांच्या घरात बसून पाहिलंय.

बिबट्याचं वेगळं. अंगावर आला आणि जीव वाचवायला मारावं लागलं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्याला गुन्हा मानत नाही. पण शेळी नेली म्हणून उसात मागे जाऊन बार टाकला तर किमान ३ वर्षं. वनखात्याला १९२६ वर फोन करा, शेळीची भरपाई मागा.

आता माझ्या मामांचं सांगते, म्हणजे मी एवढं का बोलतेय ते कळेल. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी होती. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. पावणेदोनच्या सुमारास विहिरीकडे बॅटरीचा उजेड हलताना दिसला, मामांनी देवघरातल्या फोटोमागची किल्ली काढली, कपाट उघडलं, दोन काडतुसं भरली, ओट्यावर येऊन दोनदा "कोण आहे?" विचारलं. उत्तर नाही. बंदूक खांद्याला लागलेली, बोट घोड्यावर. तेवढ्यात बॅटरी खाली झुकली आणि उजेडात निळ्या स्लिपर दिसल्या, मामीच्या. माझा सतरा वर्षांचा मावसभाऊ, सुट्टीला आलेला, कानात इअरफोन, लाईट आली म्हणून मामीच्या स्लिपर घालून मोटार चालू करायला निघाला होता. मामा तिथेच ओट्यावर बसले, त्यांच्याने उठवेना. दादा, तुमच्याकडेही लाईट रात्रीची येत असेल, मग तुमच्या बांधावर रात्री फिरणारा माणूस दहापैकी नऊ वेळा कोण असतो ते तुम्हीच सांगा.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर पहिला पैसा दारावर घातला असता, लोखंडी जाळीचं आणि आतून आडणा लागणारं, मग चारही कोपऱ्यांना सोलरचे दिवे, एक चांगलं भुंकणारं कुत्रं, आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेत वस्तीतल्या प्रत्येकाचा नंबर, कारण एक फोन केला की सगळ्यांचे फोन वाजतात. ११२ आईलासुद्धा लावता आला पाहिजे. दागिने बँकेच्या लॉकरला. ह्यानंतरही बंदूक हवीच वाटली तर अर्ज करा, मी आडवी येणार नाही, फक्त बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या, आणि किल्ल्या पोरांना माहीत नसाव्यात.

प्रश्न: सासरे वारले, त्यांची जुनी बारा बोअर माळ्यावर सापडली. परवाना त्यांच्याच नावावर. काय करू? (सातारा)

उत्तर: ताई, आज-उद्याच जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडे जमा करा आणि पावती घ्या, आठवण म्हणून घरात ठेवू नका, ते विनापरवाना बाळगणंच ठरतं. भरलेली आहे का हे स्वतः उघडून बघू नका, ठाण्यात कळवा, ते माणूस पाठवतील. तुमच्या मिस्टरांना ती हवी असेल तर वारस म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, बंदूक तोवर जमाच राहील. आणि ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी लक्षात ठेवा, वयाची ७० वर्षं झाली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली की परवानाधारक स्वतःच वारसाच्या नावाने अर्ज करायला लावू शकतो.