डोळ्याच्या पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या एका डोळ्यात फोटोत पिवळी चमक दिसते. डॉक्टर ‘कोट्स’चा आजार म्हणतात, तरी भूल देऊन तपासणी आणि एमआरआय सांगितलाय. एवढं कशाला?

उत्तर : कारण रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरमध्येही डोळ्यात चमक दिसते, आणि तो निसटला तर जिवावर बेततं. जॉर्ज कोट्स यांनी 1908 मध्ये वर्णन केलेल्या या आजारात पडद्याच्या (डोळ्याच्या आतल्या रेटिनाच्या) बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यातून स्निग्ध, पिवळसर द्रव पाझरून पडद्याखाली साठतो. बहुधा मुलगेच, आणि बहुधा एकच डोळा. कॅन्सरच्या गाठीत सोनोग्राफीवर अनेकदा कॅल्शियम दिसतं. अँजिओग्राफीत, म्हणजे शिरेत रंग सोडून काढलेल्या पडद्याच्या फोटोंत, कोट्सचे फुगवटे छोट्या दिव्यांसारखे उजळतात. कॅन्सरची शंका असताना डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत, पेशी बाहेर पसरण्याचा धोका असतो. म्हणून भिस्त या चित्रांवर. एवढं लहान मूल स्थिर राहत नाही, म्हणून भूल.

गळक्या वाहिन्या लेझरने किंवा क्रायोने (गोठवून) बंद करतात. बहुतेकदा एका वेळेत भागत नाही. काहींना जोडीला डोळ्यात इंजेक्शन देतात. आजार काही वर्षांनंतरही उलटू शकतो, तेव्हा तपासण्या चुकवू नका. आणि हा सहसा आनुवंशिक नसतो. कृपा करून स्वतःला दोष देऊ नका.

प्रश्न : माझ्या पडद्यावर लाल गाठ सापडली. डोळ्याच्या डॉक्टरांनी पोटाचा आणि मेंदूचा एमआरआय का सांगितला?

उत्तर : त्यांनी अगदी योग्य केलं. ही हीमँजिओब्लास्टोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असावी. ती एकटीही असू शकते, पण व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराची पहिली खूणही असू शकते. त्यात मेंदू, मणका, मूत्रपिंड, अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथी, स्वादुपिंड यांतही गाठी होतात. जनुकीय चाचणी जरूर करा. दोष सापडला तर तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता 50 टक्के, आणि भावंडांचीही तपासणी हवी. डोळ्यातली गाठ लहान असतानाच लेझरला चांगली दाद देते, म्हणून चालढकल नको.

प्रश्न : अँजिओग्राफीनंतर लघवी गडद पिवळी झाली. घाबरू का?

उत्तर : नाही. तपासणीत शिरेतून दिलेला फ्लुरेसिन हा रंग बाहेर पडतोय. एक-दोन दिवसांत रंग जातो. अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : माझ्या पडद्यावर जाड, नागमोडी वाहिन्यांचं जाळं जन्मापासून आहे. डॉक्टर नुसतं लक्ष ठेवू म्हणतात. हा हलगर्जीपणा तर नाही?

उत्तर : नाही. इथे धमनी थेट शिरेला जोडलेली असते. गळती नसेल, तर उगाच लेझर मारून हाती काही लागत नाही. मेंदूचा एमआरआय मात्र झालाय का, ते विचारा. तसंच जाळं तिथेही असू शकतं.