आजोबांच्या जुन्या विंचेस्टरचं कॅलिबर बदलून घेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची १८७३ मॉडेलची विंचेस्टर रायफल आहे, ४४-४० काडतुसाची, ती काडतुसं कुठंच मिळत नाहीत, तर कॅलिबर बदलून, म्हणजे .३१५ नाहीतर .४४ मॅग्नम ही दुसरी काडतुसं चालतील अशी ती करून घेता येईल का आणि सांगली-मिरजेत हे काम कोण करतं.

नका करू. आणि कोण करतं ते मी सांगणार नाही.

.३१५ चं तर डोक्यातनं काढूनच टाका. ४४-४० चं अख्खं काडतूस गोळीसकट ४० मिलिमीटरच्या आसपास, आणि .३१५ ची नुसती केस, म्हणजे गोळीमागची पितळी नळीच, ५० ची. मॅगझिनमधनं काडतूस वर उचलणारा तो पितळी ठोकळा आहे ना, त्यात ते मावतच नाही. नळी बदलाल, चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा बदलाल, पण पोटातलं सगळं तेच राहतं.

.४४ मॅग्नम जास्त वाईट, कारण ते जवळपास बसतं. लांबी तेवढीच, गोळीची जाडी दोन-तीन हजारांश इंचाचा फरक, त्यामुळं लेथवाल्याला वाटतं की चेंबर जरा साफ केलं की झालं. पण ४४-४० मूळची काळ्या दारूची, तिचं प्रेशर, म्हणजे बार उडताना आत होणारा दाब, ११,००० पीएसआयपर्यंत धरतात आणि मॅग्नमचं ३६,०००. तिपटीच्या वर. १८७३ मॉडेलमध्ये काडतुसाच्या मागं दट्ट्यासारखा बसणाऱ्या बोल्टला मागनं धरणारं काय आहे, तर टॉगल, म्हणजे गुडघ्यासारखे सरळ होणारे दोन सांधे आणि त्यांच्या पिना. बोल्टला फ्रेममध्ये, म्हणजे बंदुकीच्या सांगाड्यात, अडकवणारी खाच नाही, दात नाही, काही नाही. सगळा मार त्या पिनांवर, आणि पिनांच्या मागं तुमचा चेहरा.

हे एवढ्या तावातावानं लिहितोय कारण आमच्या घरात असल्याच बंदुकीवरनं चुलत्यांशी, नानांशी, माझं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. आम्ही मूळ पाटणकडचे, मी नोकरीला कुपवाड एमआयडीसीत, सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. आजोबांची पण ७३ च, पिकाच्या राखणीच्या लायसनवर होती. ते गेल्यावर लायसन नानांच्या नावावर झालं आणि भुईमुगात डुकरं घुसायला लागल्यावर नानांनी काढलं की हिला मॅग्नमची करू. एकानं त्यांना सांगितलं होतं, नळीत आतनं स्लीव्ह, म्हणजे दुसरी नळी, मारतो, दोन दिवसाचं काम. मला कळलं तेव्हा बंदूक आधीच वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावलेली, दस्ता काढून बाजूला ठेवलेला. मी त्या माणसाला एकच विचारलं, फ्रेमचं मटेरियल काय आहे? तो म्हणला, जुनं विलायती आहे, चांगलंच असणार. अहो सुरुवातीच्या ७३ च्या फ्रेमा लोखंडाच्या होत्या, स्टील नंतर आलं! हार्डनेस बघितला नाही, पिनांची झीज बघितली नाही, आणि हा मनुष्य बोअर मारायला निघाला होता. मी बंदूक काढून घेतली, नानांना फोन करून तिथंच बोलवून घेतलं आणि त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर ते मला म्हणले की अमेरिकेत सर्रास करतात, तुला जास्त कळतं का.

तर नाना, हे तुम्ही वाचणार नाही पण लिहून ठेवतो. अमेरिकेत करतात ते १८९२ मॉडेलला. ती जॉन ब्राउनिंगनं काढलेली, तिच्यात बोल्टच्या दोन्ही बाजूला उभे लॉक आहेत, खरोखरचे, आणि म्हणूनच तिकडच्या लोकांनी २५-२० नाहीतर ३२-२० काडतुसाच्या जुन्या ९२ घेऊन .३५७ मॅग्नमच्या करून वापरल्या. १८९४ मॉडेल वेगळं, ती ३०-३० काडतुसाची धूर न करणारी दारू सोसायला निकेल स्टीलच्या नळीची केलेली. बाहेरनं तिन्हींना लिव्हर आहे म्हणून आतनं त्या एक होत नाहीत. आणि वापरायची नसेल तर ठेवायची कशाला, हे जे नाना अजून सणासुदीला म्हणतात ते मला पटत नाही. बोअर मारलेली ७३ धड शेतात चालणार नाही आणि ओरिजिनल पण राहणार नाही. आमची आजही आतनंबाहेरनं जशीच्या तशी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

कायद्याचं राहिलंच. १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं कलम ५ बघा, हत्यार बनवणं, विकणंच नाही तर रिपेअर करणं आणि कन्व्हर्ट करणं पण बिनपरवान्याचं चालत नाही. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे नेहमीचा लेथवाला, कितीही ओळखीचा असो, तो पण अडकणार आणि तुम्ही पण. जुनी आहे म्हणून लायसन लागत नाही असं कुणी सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे, कलम ४५ ची सूट दुरुस्त करून सुद्धा चालणार नाही अशाच हत्याराला आहे. डुकरांसाठी म्हणत असाल तर वनखात्याची परवानगी हा वेगळा विषय, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं नुसतं बंदुकीचं लायसन पुरत नाही.

एक मात्र, मी तुमची बंदूक बघितलेली नाही. घरात सगळे ७३ म्हणत असतील आणि निघेल ९२, तर ताकदीचं वर लिहिलेलं लागू होणार नाही, कायदा तोच राहील. घोड्याच्या मागं वरच्या टँगवर, म्हणजे दस्त्याकडं जाणाऱ्या लोखंडी पट्टीवर, मॉडेल बघा, नंबर ७३ ला खालच्या टँगवर असतो, ९२ ला फ्रेमच्या तळाशी. तो लायसनवरच्या नंबराशी जुळतोय का आणि लायसन आजोबांच्या नावावरनं वारसाच्या नावावर झालंय का, हे आधी तपासा. नसेल झालं तर कॅलिबर राहू द्या, उद्या कलेक्टर ऑफिसला जा.