कोट्याची वाट बघायची, की अकरावीला घालायचं?

साखळीच्या एका आईंचं पत्र आहे. लेक जन्मापासून कर्णबधिर, यंदा विशेष शाळेतून दहावी पास झाली. घरचे म्हणतात, डीएसएसचे (गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे) पैसे येतातच, तर शिवण शिकव आणि दिव्यांग कोट्यातून सरकारी नोकरी लागेपर्यंत घरी राहू दे. मुलगी मात्र मोबाईलवर नात्यातल्यांच्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करत बसते. आईंचा प्रश्न: ‘आयटीआयला घालू का? अकरावी झेपेल का तिला?’

ताई, नमस्कार.

आधी कोट्याचं बोलू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यातला 1 टक्का कर्णबधिरांचा. म्हणजे शंभर पदांमागे एक. आपल्या एवढ्याशा राज्यात एखाद्या खात्याची शंभर पदं भरायला किती काळ जातो, ते तुम्ही बघताच. जागा राखीव असली तरी पदाची शैक्षणिक पात्रता सुटत नाही. साध्या एलडीसीला, म्हणजे कनिष्ठ कारकुनालासुद्धा बारावी आणि टायपिंग मागतात. जाहिरात आली की अर्ज जरूर करा, पण तिच्या भरवशावर पोरीला घरी बसवू नका.

म्हणून माझा कल अकरावीकडे आहे. तिचा हात डिझाइनकडे वळतोय आणि त्या वाटेवरची बहुतेक दारं बारावीनंतर उघडतात. पणजीला आल्तिनोवर गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा ठेवाव्याच लागतात. बाहेर पाठवायची तयारी असेल तर तिरुवनंतपुरमची ‘निश’ ही संस्था कर्णबधिर मुलांसाठीच फाइन आर्ट्स, कॉमर्स आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्या चालवते. तिथे शिक्षकच खुणांच्या भाषेत शिकवतात. लांब आहे खरं, पण मडगावहून थेट गाडी आहे. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत खुणांची भाषा शिकवण्याचा डिप्लोमा आहे, तोही खास कर्णबधिर उमेदवारांसाठी. शिकवायची आवड असेल तर हे काम ऐकू येणाऱ्यांपेक्षा कर्णबधिर शिक्षकच चांगलं करतात.

झेपेल का, हा प्रश्न रास्त आहे. तिच्या मराठी वाक्यांत शब्द मागेपुढे होतात, असं तुम्ही लिहिलंत. ती मंद आहे म्हणून तसं होत नाही. खुणांच्या भाषेचं व्याकरण वेगळं, आणि मराठी ती कानाने शिकलेलीच नाही. त्यात हायर सेकंडरीला माध्यम इंग्रजी. पहिले सहा महिने जड जाणारच. प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या: पुढचा बाक, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, धड्याच्या नोट्स आधी मिळाव्यात, परीक्षेतल्या सवलतींचा प्रस्ताव वेळेत बोर्डाकडे जावा. तोंडी सांगितलेलं जुलैपर्यंत विसरलं जातं. ओठ वाचणारं मूल शिक्षक फळ्याकडे वळले की अख्खं वाक्य गमावतं, हे बहुतेक शिक्षकांच्या लक्षातच येत नाही. बोलणं लिहून दाखवणारी मोबाईल ॲप वर्गाच्या गोंगाटात गडबडतात, घरी उजळणीला मात्र बरी.

आयटीआयला माझा विरोध नाही. ती अकरावीला ठाम नाही म्हणाली, तर फॉर्म भरण्याआधी तिला घेऊन वर्कशॉपमध्ये अर्धा तास उभ्या राहा. इन्स्ट्रक्टर हाताने करून दाखवतात की नुसतं बोलतात, तेवढंच बघा. कुठला ट्रेड कोणत्या दिव्यांगांना खुला आहे, ते त्या ट्रेडच्या अभ्यासक्रमातच छापलेलं असतं. कारकुनाच्या अंदाजावर जाऊ नका. शिवण तिला आवडत असेल तर खुशाल शिकू दे. ऐकू येत नाही म्हणून शिवण, हा हिशेब मात्र मला पटत नाही.

दिव्यांगत्वाच्या जुन्या कागदी दाखल्यावर अडून राहू नका, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढून घ्या. कार्ड पिवळं मिळालं म्हणजे दिव्यांगत्व 40 ते 79 टक्के, निळं म्हणजे 80 किंवा वर. 40 टक्के आणि पुढे असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर अकरावीपासून केंद्राची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आणि एक, एवढ्या लांब पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. या आठवड्यात तिला आल्तिनोचं कॉलेज दाखवून आणा आणि मग विचारा.

दिरांच्या अंध मुलाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तो अजून सातवीत आहे, तर फोंड्याजवळ ढवळीला दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या लोकविश्वास प्रतिष्ठानमध्ये एकदा भेटून या. ब्रेल सोडू देऊ नका, आणि जोडीला कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकून द्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीही वाचतं. पुढे स्पर्धा परीक्षांना लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. पण लेखनिकाला उत्तर सांगायचं ते नीट, क्रमाने सांगता आलं पाहिजे, आणि ती सवय आतापासूनच लागते.