कोणती शाखा निवडावी, हे पहिल्या वर्षापासून कसे पाहावे?

प्रश्न : मी विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात कोणीच डॉक्टर नाही. वर्गातील काही जणांनी आपापली शाखा आतापासूनच ठरवून टाकली आहे. मला मात्र एकाही शाखेचे रोजचे काम कसे चालते हे ठाऊक नाही. मोकळ्या वेळात डॉक्टरांसोबत राहून ते पाहावे असे वाटते. परवानगी कोणाकडे मागावी आणि नेमके काय पाहावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्ण पाहण्याची सोय आहे, परंतु तिचा हेतू शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय रुग्णाशी जोडून दाखवण्याचा आहे, शाखा निवडण्याचा नव्हे. म्हणून तुमचा विचार मला योग्य वाटतो. शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांच्या ओळखीने संबंधित विभागप्रमुखांना साधा अर्ज द्या, आणि परवानगी मिळाली की त्या विभागातील युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचा, ओपीडीचा दिवस कोणता हे विचारून घ्या.

काय पाहावे, याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. विद्यार्थी असताना मला सर्जनच व्हायचे होते. एका संध्याकाळी मी सर्जरीच्या रेसिडेंटबरोबर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरबरोबर, वॉर्डात ड्रेसिंगला गेलो. मधुमेहामुळे पायाला जखम झालेल्या एका आजोबांची पट्टी सोडून तो जखमेची कड निरखत होता आणि लाल मांस कुठे भरून येत आहे हे मला मोठ्या आनंदाने दाखवत होता. मी मात्र खाटेला अडकवलेला साखरेचा तक्ता वाचत, रात्रीचाच आकडा का वाढतो हे आजोबांना खोदून खोदून विचारत होतो. शेवटी त्यांनी कबूल केले की मुलगा संध्याकाळी येताना जिलबी आणतो. पुढे मी मेडिसिन, म्हणजे शस्त्रक्रियेऐवजी औषधोपचाराची शाखा, घेतले. त्याचे बीज त्या तक्त्यात होते असे म्हणणे जरा पुस्तकी होईल, पण जखमेपेक्षा तक्ता मला अधिक ओढून घेतो, एवढे त्या दिवशी नक्की कळले.

म्हणून मोठी शस्त्रक्रिया पाहायला मिळाली तर जरूर पाहा, पण ती आटोपून सर्जन निघून गेल्यावर जो रेसिडेंट मागे राहतो, त्याच्याबरोबर थांबा. डिस्चार्ज कार्ड लिहिणे, नातेवाइकांना तीच गोष्ट तिसऱ्यांदा समजावणे, हरवलेला रिपोर्ट शोधणे, हेही त्या शाखेचे काम आहे. विद्यार्थ्यांच्या सहसा नजरेआड राहणारे विभागही टाळू नका. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तोंड उघडायला लावून जबडा, मान आणि हलणारा एखादा दात कसा तपासतात, हे एकदा पाहिले की ‘नुसती भूल देतात’ हा गैरसमज जातो.

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस झाले नसतील तर आधी सुरू करा. नेहमीच्या वेळापत्रकात त्याला सहा महिने लागतात. रुग्णाला आपण विद्यार्थिनी आहोत हे सांगावे, आणि त्याने नको म्हटले तर काही न बोलता बाहेर यावे. फोटो कधीही काढू नयेत. ऑपरेशन थिएटरमध्ये उपाशीपोटी जाऊ नये, निर्जंतुक कापडांपासून दूर उभे राहावे आणि चक्कर येईलसे वाटताच लाज न बाळगता भिंतीला टेकून खाली बसावे. सर्जनच्या अंगावर कोसळण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतील क्रमांकही तुमची निवड आखडून टाकतो, त्यामुळे एकाच शाखेवर मन अडकवून न ठेवता आवडतील अशा दोन-तीन शाखा आणि मुळीच नको असलेल्या शाखा, दोन्ही वहीत नोंदवत जा. आणि रेसिडेंटला ‘तुम्ही ही शाखा पुन्हा घ्याल का?’ असे विचारायचे असेल, तर राउंड संपून तो चहाला बसेपर्यंत थांबा.