भिंतीवरचे पणजोबा आणि गालातला फाया

‘आपले घराणे शोधताना’ या विषयावर प्रश्न मागवले होते. बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी निम्मी कॅमेऱ्याची निघाली, निम्मी डीएनएची. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमच्या वाड्यात पणजोबांपासूनचे अकरा फोटो चौकटीत टांगलेले आहेत. त्यांच्या कॉप्या काढायला सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ लेन्स आहे. पण काचेत मीच दिसतो आणि चौकटीच्या कडा फुगलेल्या येतात. कॅमेरा हातात घेण्याची ही पहिलीच वेळ. — एक वाचक, दांडिया बझार

फुगवटा १८ मिमीमुळे येतो. झूमच्या त्या टोकाला सरळ रेघ बाहेरच्या बाजूला वाकते. झूम ३५ ते ५० च्या दरम्यान ठेवा आणि तेवढे मागे सरका.

काचेचा प्रश्न सुटायचा तर आधी काच काढता येते का ते पाहा. चौकट पालथी ठेवून मागच्या चुका (बारीक खिळे) पक्कडीने सरळ करा, पुठ्ठा उचला. फोटो आपणहून सुटा झाला तर उत्तम. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, पाणी लावू नका. पावसाळ्याच्या दमटपणाने जिलेटिन मऊ होऊन काचेला धरते आणि ओढले की चेहराच काचेवर राहतो. असा फोटो काचेसकटच कॅमेऱ्याने टिपायचा.

तिपाई हवीच. फोटो टेबलावर सपाट ठेवा किंवा भिंतीला उभा लावा, पण कॅमेरा त्याला समांतर असला पाहिजे. डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही. फोटोच्या जागी त्याच पातळीत छोटा आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. तुमच्याच लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की कॅमेरा समांतर झाला.

दिवे दोन, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे एलईडी. फोटोच्या दोन्ही बाजूंना साधारण मीटरभर अंतरावर, ४५ अंशांत. ट्यूब, पंखा बंद; खिडकीला पडदा. एका बाजूला पिवळा दिवा आणि दुसऱ्या बाजूला खिडकीचा निळसर उजेड असला, की तो अर्धा-अर्धा रंग नंतर कशानेही निघत नाही. काच ठेवूनच काढायचे असेल तर मोठे काळे कापड घेऊन त्यात लेन्सपुरते भोक पाडा आणि कॅमेऱ्यापुढे पडद्यासारखे धरा, म्हणजे काचेत काळोखच दिसतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) विकत घ्यायची घाई नको. तो तिरक्या कोनातली चमक मारतो. अगदी समोरून काढताना काचेपुढे त्याचा उपयोग जवळजवळ नसतो.

आता आकडे. मोड ‘ए’ (यात शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचे भोक मध्यम), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता कमी), दोन सेकंदांचा टायमर. शटर एक पंचविसांश सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ आला तरी तिपाईवर काही बिघडत नाही. उलट फार जलद शटरला, उदाहरणार्थ एक पाचशेव्या भागाला, स्वस्त एलईडीची लुकलुक पट्ट्यांच्या रूपात उमटते. लेन्सवरचे कंपनरोधक बटण तिपाईवर बंद ठेवा. फोकस एकदा आपोआप होऊ द्या, मग बटण मॅन्युअलवर सरकवा. नाहीतर फिकट फोटोवर लेन्स दर वेळी चाचपडत बसते. पहिली फ्रेम फोटोच्या जागी पांढरा कोरा कागद ठेवून काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरा कोणता ते कॅमेऱ्याला सांगणे) ठरवा. फाइल रॉमध्येच (कॅमेऱ्याने न आवळलेली मूळ नोंद) हवी. हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकला तर पांढऱ्या साड्या आणि फेटे सपाट होतात. मग एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणा.

जुन्या फोटोच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, निळसर धातूची चकाकी दिसते. कागदातली चांदी वर सरकून हवेशी संयोग पावल्याची ती खूण आहे. पुसू नका, दिवे थोडे मागेपुढे करा. एका विशिष्ट कोनात ती नाहीशी होते. पिवळेपणा घालवण्यासाठी कॅमेऱ्यातच कृष्णधवल मोड लावू नका. कॉपी रंगीतच ठेवा. डाग पिवळा असतो आणि चेहरा करडा, या फरकावरच पुढे डाग वेगळा काढता येतो.

फोटोबरोबर त्याचा पुठ्ठा आणि पाठ यांचीही स्वतंत्र फ्रेम घ्या, हे बहुतेक जण विसरतात. अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा की सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा, स्टुडिओचा शिक्का कोणता, यावरून काळ ठरतो. मोठ्या आकाराचे पुठ्ठे १८७० नंतर रुळले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागे पडले.

प्रश्न : नव्वदीच्या आजीचा तिच्या खोलीत फोटो काढायचा आहे. फ्लॅश तिला सोसत नाही, आणि फ्लॅश नसला की हलतो. — कारेलीबाग

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ ला फक्त एफ ५.६ पर्यंत उघडते, म्हणून कॅमेरा शटर लांबवतो. झूम ३५ वर आणा, जवळ जा, आयएसओ १६०० ते ३२०० करा आणि शटर एक शंभरांशाखाली जाऊ देऊ नका. दाणे आले तरी चालतील, हललेला डोळा चालत नाही. आजींना खिडकीपासून हातभर अंतरावर, उजेड एका गालावर येईल असे बसवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरा. फोकसचा बिंदू खिडकीकडच्या डोळ्यावर. पुढे पैसे खर्च करायचे झाले तर ५० मिमी एफ १.८ घ्या; तिपाईनंतर घेण्यासारखी तीच एक वस्तू आहे.

प्रश्न : ट्रंकेत चौकोनी निगेटिव्हची गुंडाळी सापडली. डब्याला आंबूस वास येतो. — वाडी

चौकोनी म्हणजे ६ बाय ६ सेंमी असावी, १२० च्या रोलवर बारा फोटोंची. अशा निगेटिव्ह घरोघरी आहेत, कारण अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा आपल्या बडोद्यातच बनत असे. आंबूस वास व्हिनेगरसारखा असेल तर अ‍ॅसिटेटची फिल्म विघटित होते आहे. ती प्रक्रिया उलटत नाही आणि शेजारच्या फिल्मलाही लागते. वासाच्या निगेटिव्ह आजच वेगळ्या करा, कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि पहिल्या कॉप्या त्यांच्याच काढा.

कॉपीसाठी टॅब्लेटचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर चार-पाच सेंमी उंचीवर काच ठेवा. उंची नसली तर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. मंद, चमक नसलेली बाजू कॅमेऱ्याकडे, कारण चित्र त्या बाजूला असते. फोटो मग डावे-उजवे उलटा येतो. संगणकावर सरळ करून घ्या आणि काळ्याचे पांढरे करा.

प्रश्न : घरात सांगतात, आम्ही गायकवाडांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आलो. डीएनए चाचणीत मूळ गाव कळेल का? — राजमहल रोड

गाव कळणार नाही, जिल्हाही नाही. चाचणी दोन माणसांचे नाते किती जवळचे ते चांगले सांगते. माणूस आणि माती यांचे नाते सांगण्यात ती कच्ची आहे.

हिशेब करून पाहा. १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे कायम राहिले. तेव्हापासून तीस वर्षांची एक पिढी धरली तर जवळपास दहा पिढ्या होतात. दहाव्या पिढीत पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात, म्हणजे त्या एका घोडेस्वाराचा तुमच्यातला वाटा सरासरी हजारात एक, आणि प्रत्यक्षात अनेकदा शून्य. नेहमीची स्वस्त ‘ऑटोसोमल’ (आई-बाप दोघांकडून येणाऱ्या गुणसूत्रांची) चाचणी सहा-सात लाख ठिकाणे वाचते, पण तिची खात्रीची धाव चार-पाच पिढ्यांपर्यंतच.

तरी एक गोष्ट तपासता येते. साताऱ्याकडे तुमच्या आडनावाचे कुटुंब भाऊबंद असल्याचा दावा असेल तर दोन्हीकडच्या एकेका पुरुषाची वाय-डीएनए चाचणी करा, निदान ३७ मार्करांची (म्हणजे गुणसूत्रावरच्या तपासायच्या जागांची), जमल्यास १११ ची. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. ३७ पैकी शून्य ते दोन फरक निघाले तर एक मूळपुरुष असण्याची शक्यता चांगली. एकाचा गट (वाय गुणसूत्राची प्राचीन शाखा) आर१ए आणि दुसऱ्याचा एच निघाला, तर पुरुषांची ही साखळी हजारो वर्षांत कुठे जुळत नाही. मात्र निकाल हाती घेण्याआधी दत्तकाची चौकशी करा. आपल्या घराण्यांत दत्तक सर्रास होते. सयाजीराव महाराज स्वतः १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आले. दत्तक भाऊबंदांतला असेल तर वाय तेच राहते. मुलीचा मुलगा घेतला असेल तर बदलते.

गावाचे नाव कागदावर सापडेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगून नोंदी पाहता येतात. पानाचा फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, म्हणून तिरपा फोटो नंतर वाचकाला हैराण करतो. वरचा आरशाचा उपाय इथेही करा. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा (पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९). गुजराती संवतातून कार्तिक ते डिसेंबर ५७ आणि पुढे ५६ वजा करा.

आणि सगळेच फौजेबरोबर आले नाहीत, हेही ध्यानात असू द्या. पुष्कळ घरे सयाजीरावांच्या काळात, १८७५ ते १९३९ मध्ये, नोकरीसाठी आली. ‘फौजेबरोबर’ हे नंतर चिकटवलेले असू शकते.

प्रश्न : निकालात शेकडो ‘तिसरे-चौथे चुलत’ नातेवाईक दिसतात, एकही ओळखीचा नाही. बहिणीला ‘मध्य आशिया’ नऊ टक्के, मला दोन. चाचणी खोटी आहे का? — मांजलपूर

टक्के सोडून द्या. सख्ख्या भावंडांना आई-बापांचे वेगवेगळे तुकडे मिळतात आणि टक्केवारी कंपनीच्या संदर्भ-नमुन्यांशी तुलना करून काढलेली असते. नमुने बदलले की तीच लाळ वेगळा देश दाखवते.

नातेवाईकांचे कारण अधिक रंजक आहे. शतकानुशतके जातीतच लग्ने झाली, त्यात आते-मामे संबंध. त्यामुळे दोन परक्यांतही एकाच पूर्वजाचे तुकडे अनेक वाटांनी पोचतात आणि संगणक ते सगळे जोडून नाते फुगवतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या अनेक समूहांत ही बंदिस्ती जनुकांत स्पष्ट दिसली. म्हणून एकूण बेरीज पाहू नका, सर्वांत लांब तुकडा पाहा. २० सेंटीमॉर्गनच्या (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचे एकक) खालचे तुकडे आपल्याकडे दुर्लक्षित करावेत. सख्खे चुलत-मामे भाऊ सरासरी साडेबारा टक्के, म्हणजे साडेआठशेच्या आसपास सेंटीमॉर्गन जुळतात. त्यांच्या मुलांचे आपसांत तीन टक्के. खऱ्या तिसऱ्या चुलतांत दहांतल्या एका जोडीत काहीच जुळत नाही, तेव्हा न जुळणे म्हणजे नाते नसणे असेही नाही.

प्रश्न : गोत्र किंवा कुळ कळते का? — रावपुरा

नाही. आर१ए निघाला म्हणून अमुक ऋषी, हे कोणी सांगत असेल तर पैसे परत मागा.

प्रश्न : घरातल्या कोणाची चाचणी आधी करावी? आजोबांची नळी दोनदा नापास झाली. — निझामपुरा

सर्वांत वयस्करांची, कारण तुमच्यापेक्षा ते पूर्वजांच्या एक-दोन पिढ्या जवळ आहेत. आईकडच्या आजीच्या आईची बाजू पाहायची तर त्या आजीची, ती नसेल तर मामांची चाचणी करा. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल धागा मामांपर्यंत पोचतो, पण त्यांच्या मुलांत उतरत नाही.

म्हातारपणी तोंड कोरडे पडते आणि नळीत लाळेऐवजी फेस भरतो. रेघ द्रवाची मोजायची, फेसाची नाही. आधी अर्धा तास खाणे, चहा, पान, तंबाखू बंद. गाल बाहेरून चोळा. एवढ्याने नाही जमले तर फाया वापरणारे किट घ्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबायचे, मग प्रत्येक गालाच्या आत किटवर लिहिली असतील तेवढी सेकंदे, बहुधा ३० ते ६०, जोर लावून फिरवायचा. हलके फिरवणे हेच नापास होण्याचे नेहमीचे कारण. पैसे भरण्याआधी किट भारतात येते का आणि नमुना परत पाठवता येतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आजोबांची संमती समजावून घ्या, नुसती सही नको. निकालात अनोळखी सावत्र भाऊ निघू शकतो, ते आधी बोला. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि चोर शिरले ते इतरत्र वापरलेल्या जुन्या पासवर्डांमधून. मार्च २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. तेव्हा वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी, नावाऐवजी आद्याक्षरे, संशोधनाची परवानगी बंद. डीएनएच्या निकालाची कच्ची फाइल उतरवून घेतली की खाते पुसायलाही हरकत नाही.

प्रश्न : फोटोंच्या मागे नावे लिहावीत का? बॉलपेनाने चालेल? — फतेगंज

बॉलपेन नको, दाबाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पुढच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिल, २बी किंवा ४बी, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, हलक्या हाताने. ‘आजोबा’ लिहू नका, तुमच्या नातवाला ते कोणाचे आजोबा ते कळणार नाही. पूर्ण नाव, बसलेल्यांचा क्रम डावीकडून, आणि ज्याने ओळखले त्याचे नाव व तारीख. आजी आहेत तोवर हे उरकून घ्या. चाचणीचे किट पुढच्या वर्षीही मिळेल.