तुकडेबंदीचा अध्यादेश निघाला, मग सातबाऱ्यावर माझे नाव का नाही?

प्रश्न : करवीर तालुक्यातील एका गावात २०१३ साली मी एका शेतकऱ्याकडून दोन गुंठे जागा सर्व रक्कम देऊन घेतली. तुकडेबंदीमुळे खरेदीखत होत नाही असे सांगण्यात आल्याने ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून ताबा घेतला, घर बांधले आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी माझ्या नावाने भरतो. सातबारा अजून त्या शेतकऱ्याच्याच नावावर आहे. ते गेल्या वर्षी वारले. आता त्यांचे दोन मुलगे खरेदीखतासाठी आणखी सहा लाख रुपये मागत आहेत. गावातील एक एजंट "नवीन कायद्यात बसवून देतो, पाच टक्के सरकारी फी आणि वर माझे" असे म्हणतो. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ओढ्यापलीकडच्या गटातील एक गुंठा घेण्यासाठी मी दुसऱ्या एका शेतकऱ्याला एक लाख रुपये विसार दिला आहे. तुकडेबंदी उठली असे पेपरात वाचले. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन व्यवहार आहेत आणि दोघांचे भवितव्य वेगळे आहे. तत्पूर्वी पेपरात आपण जे वाचले ते कायद्याच्या भाषेत नेमके काय आहे हे पाहिले पाहिजे, कारण एजंटाचा सगळा धंदा त्या संदिग्धतेवरच चालतो.

ज्याला आपण तुकडेबंदी म्हणतो तो १९४७ चा, जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांच्या एकत्रीकरणाचा अधिनियम. त्याच्या कलम ८ नुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे शासनाने ठरविलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा निर्माण होईल अशा रीतीने जमिनीचे हस्तांतरण किंवा वाटप करता येत नाही, आणि कलम ९ नुसार असे हस्तांतरण शून्यवत ठरते. त्याच कलमातील दंड मात्र जास्तीत जास्त अडीचशे रुपयांचा आहे. त्या आकड्याला कोणी भ्यायले नाही, म्हणूनच गावोगावी नोटरीवर गुंठे विकले गेले. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने अकोला व रायगड वगळता बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी दहा गुंठे व जिरायतीसाठी वीस गुंठे ठरविले. आपले दोन गुंठे कोणत्याही हिशेबाने त्याखालीच येतात.

२०१७ च्या दुरुस्तीने अशा जुन्या व्यवहारांना एक वाट करून दिली. १५ नोव्हेंबर १९६५ नंतरचे व्यवहार, जमीन प्रादेशिक योजनेत निवासी वा अन्य अकृषिक वापरासाठी दर्शविलेली असल्यास किंवा प्रामाणिक अकृषिक वापरासाठी असल्यास, बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत अधिमूल्य (सरकारजमा करायची रक्कम) भरून नियमित करता येऊ लागले. दोन गुंठ्यांवर घर बांधताना कर्जबाजारी झालेला माणूस बाजारमूल्याचा चौथा हिस्सा कुठून आणणार? लोक फिरकले नाहीत. म्हणून २०२४ मध्ये हा दर पाच टक्क्यांवर आणला आणि व्यवहाराची अखेरची तारीख १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाढविली. आपला एजंट ज्या पाच टक्क्यांविषयी बोलतो ते हे. नोव्हेंबर २०२५ मधील अध्यादेशाने मात्र, योजनेत निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक वा अन्य अकृषिक वापरासाठी दर्शविलेल्या जमिनींवरील १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील असे व्यवहार कोणतेही अधिमूल्य न घेता नियमित मानण्याची तरतूद केली आहे. तेव्हा आपली जमीन त्या पट्ट्यात असेल तर पाच टक्के "सरकारी फी" आता कोणाकडेही भरायची नाही, एजंटाकडे तर नाहीच.

आता अध्यादेश आणि कायदा यांतील फरक. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत केलेल्या घोषणेत १ जानेवारी २०२५ ही तारीख होती. अध्यादेशात ती १५ ऑक्टोबर २०२४ आहे. सभागृहातील घोषणेवर भिस्त ठेवून व्यवहार करू नये असे वकील वारंवार सांगतात, त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ अन्वये राज्यपालांनी काढलेल्या अध्यादेशाला अधिनियमाइतकेच बळ असते, परंतु तो विधिमंडळापुढे ठेवावा लागतो आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे उलटले की संपतो. हे उत्तर मी नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस लिहीत आहे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू होत असल्याने ही मुदत जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येते. त्याआधी दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर होऊन, राज्यपालांची संमती मिळून ते राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागेल. विधेयकात अध्यादेशातील वाक्ये जशीच्या तशी उतरतात असा नियम नाही. एखादी अट वाढू शकते, एखादी गळू शकते. पूर्वी अध्यादेश संपला की पुन्हा नवा काढून वर्षानुवर्षे चालविण्याची रीत काही राज्यांत होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधील असे प्रकार खणून काढले आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेशी कपट ठरविले. पुढे २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने असेही स्पष्ट केले की, संपलेल्या अध्यादेशाखाली मिळालेले हक्क आपोआप कायमचे टिकतात असे गृहीत धरता येणार नाही. याचा अर्थ आपण घाबरून थांबावे असा नाही. कागदपत्रांची जुळवाजुळव आजच सुरू करावी, पण मोठी रक्कम देण्यापूर्वी विधेयकाचा अंतिम मजकूर राजपत्रात वाचावा.

पहिल्या व्यवहाराकडे येतो. २०१३ ही तारीख मुदतीत बसते. राहिला प्रश्न जमिनीच्या विभागाचा. नगर रचना कार्यालयातून आपल्या गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा अर्ज करून घ्या. "आमच्याकडे सगळा पिवळा पट्टा आहे" या तोंडी माहितीला किंमत नाही, कारण एकाच गटाचा अर्धा भाग पिवळ्यात (निवासी) आणि अर्धा हिरव्यात (शेती) असलेले दाखले मी स्वतः पाहिले आहेत. दाखल्यात निवासी विभाग आला तर तुकडेबंदीचा दोष गेला असे धरून चालता येईल. जागा शेती विभागात निघाली आणि आपण शेतकरी नसाल, तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यास मनाई करणारे कुळवहिवाट अधिनियमाचे कलम ६३ आडवे येते आणि हे उत्तर पूर्णपणे बदलते.

परंतु दोष एकच नव्हता, आणि बातम्यांतून हेच राहून जाते. जमीन लहान होती म्हणून व्यवहार शून्यवत होता, ही एक गोष्ट. मुळात नोंदणीकृत खरेदीखतच झाले नाही, ही दुसरी. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताखेरीज होत नाही, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीने फक्त सही करणारा माणूस समोर होता एवढेच सांगितलेले असते. पहिला दोष अध्यादेशाने दूर होतो, दुसरा होत नाही, होऊही शकत नाही. घरपट्टीचा नमुना ८ चा उतारा कर कोण भरतो हे सांगतो, मालक कोण हे नाही. ताब्याचा पुरावा म्हणून तो जपून ठेवा. म्हणूनच अध्यादेश निघाल्यावर सातबारा आपोआप बदलला नाही आणि बदलणारही नाही. त्यासाठी आज खरेदीखत व्हावे लागेल, आजच्या मूल्यदर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनर) मुद्रांक शुल्क आणि एक टक्का, कमाल तीस हजार रुपये, नोंदणी फी भरावी लागेल, आणि मग ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे फेरफार धरला जाऊन, हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस निघून, मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केल्यावर आपले नाव लागेल.

खरेदीखतावर सही कोणाची? आपण दोन मुलांचाच उल्लेख करता. मयताला मुलगी आहे का, पत्नी हयात आहे का, हे पत्रात नाही. वारस नोंदीचा फेरफार काढून पाहा. "बहिणीने हक्क सोडलाय" असे भाऊ सांगतात तेव्हा नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा क्रमांक विचारावा. क्रमांक नसेल तर हक्क सुटलेला नाही आणि तिची सही लागणारच. एका वारसाची सही राहिलेले खरेदीखत हे पुढच्या वीस वर्षांच्या दाव्याचे बियाणे असते.

सहा लाखांची मागणी कायदेशीर आहे का, असे आपण थेट विचारले नसले तरी खरा प्रश्न तोच आहे. वडिलांनी केलेला करार त्यांच्या मिळकतीपुरता वारसांवर बंधनकारक असतो, आणि पूर्ण किंमत मिळाल्यावर अधिक रक्कम मागण्याचा हक्क त्यांना करारातून मिळत नाही. अडचण आपल्या बाजूनेही आहे. आजवर तो करारच कायद्याने निषिद्ध हस्तांतरणाचा होता, त्यामुळे न्यायालय तो पुरा करून देण्याचा हुकूम देणे अवघड होते. निर्बंध उठल्यावर विनिर्दिष्ट पूर्ततेच्या, म्हणजे करार पुरा करून मागण्याच्या, दाव्याला अर्थ आला आहे. नोंदणी नसलेला करारही अशा दाव्यात कराराचा पुरावा म्हणून वाचता येतो, मात्र ताबा देणारा करार मुद्रांकाच्या दृष्टीने खरेदीखतासारखाच धरला जात असल्याने तो ५०० रुपयांचा स्टँप न्यायालय आधी अडकवून ठेवील आणि कमी पडलेले शुल्क दंडासह वसूल करील. नोंदणी नसल्याने केवळ ताब्याच्या बळावर बचाव करण्याची मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ ची सोयही आपल्याला नाही. दाव्याची मुदत तीन वर्षे असून, करारात तारीख ठरली नसेल तर ती नकार कळल्यापासून मोजली जाते. मुलांनी जादा पैशांशिवाय सही देणार नाही असे कधी आणि कसे सांगितले, याची नोंद म्हणूनच महत्त्वाची आहे. मूळ करार काढून त्यात "निर्बंध उठल्यावर खरेदीखत करून देऊ" असे वाक्य आहे का ते पाहा. बऱ्याच नोटरी दस्तांत ते असते आणि ते आपल्या फार उपयोगाचे आहे.

माझा सल्ला असा की, आधी सर्व वारसांना वकिलामार्फत नोटीस द्यावी, आपण खर्चासह खरेदीखतास तयार असल्याचे त्यात स्पष्ट लिहावे, आणि त्यानंतर वाटाघाट करावी. दिवाणी दाव्यातील वर्षे आणि खर्च पाहता काही रक्कम देऊन मिटवणे शहाणपणाचे ठरू शकते, सहा लाख नव्हे. जी रक्कम ठरेल ती बँकेतून द्यावी आणि खरेदीखतात नमूद करावी. रोख पैसे देऊन "सही नंतर" असे काही स्वीकारू नये. घराच्या बांधकामाचा प्रश्न याहून वेगळा आहे. जागेचा व्यवहार नियमित झाला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. त्यासाठी नियोजन प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज लागतो. तो खरेदीखतानंतर करावा.

दुसरा व्यवहार मात्र सोडून द्या. डिसेंबर २०२४ ही तारीख १५ ऑक्टोबर २०२४ च्या पुढची आहे, त्यामुळे नियमित करण्याची तरतूद त्याला लागू होत नाही, आणि मंत्र्यांच्या घोषणेतील १ जानेवारी तिथे आपल्या कामाची नाही. ओढ्यापलीकडचा गट निवासी विभागात असल्याचे दाखल्यावरून निघाले तरच नव्याने विचार करता येईल. ती ऊसशेती असेल, तर दहा गुंठ्यांच्या खालचा तुकडा तोडून घेण्यास कलम ८ ची मनाई आजही पूर्ण लागू आहे. लगतच्या खातेदाराला तुकडा घेता येतो असे कोणी सुचवील. ती सवलत आधीच अस्तित्वात असलेल्या तुकड्यासाठी आहे, नवा तुकडा पाडण्यासाठी नाही, आणि सातबाऱ्यावर नाव नसल्याने आपण आज लगतचे खातेदारही नाही. करार शून्य असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्याखाली घेतलेला लाभ परत करण्याचे बंधन करार अधिनियमाच्या कलम ६५ मध्ये आहे. त्या आधारे विसाराची रक्कम लेखी मागा. परताव्याची तीन वर्षांची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जाईल असा धोका धरून चालावे, म्हणजे डिसेंबर २०२७ च्या आत दावा दाखल झालेला हवा. विसार पावती नसेल तर बँकेचा उतारा किंवा त्या शेतकऱ्याशी झालेले मोबाईलवरील लेखी संदेश आजच वेगळे साठवून ठेवा.